आजच्यापुरतं

सोलापूर
१८ जानेवारी १९७८

ती. अक्कास,
गुरूचा शरणार्थ.

संक्रांत झाली, सिद्धेश्वराच्या काठ्यांची मिरवणूक झाली. गल्लीतली मंडळी 'जरा बसायला' गेली, आणि मी खोलीवर येऊन भाकरी खाऊन झोपलो. तुझा विश्वास बसणार नाही. माझाही पुरता बसत नाही. आज एकेचाळीस दिवस झाले, मी थेंब घेतलेला नाही.

कसं झालं ते सांगतो. दिवाळीनंतर हेमावती आमच्या पोरीला, चिन्नीला घेऊन निघाली. बायका रागावून माहेरी जातात, माझी बायको माझ्याच बहिणीकडं गेली. यावरून माझी काय पत असेल ते समजलो. त्याच आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात पेपरात चार ओळी दिसल्या : दारू सोडावीशी वाटते पण सुटत नाही, अशांनी पुण्याच्या या पत्त्यावर लिहावं. कार्ड लिहिलं तर पोस्टमन वाचेल म्हणून पाकीट टाकलं. आठ दिवसांनी उत्तर आलं, की सोलापुरात अजून आमची बैठक नाही, पण आमच्यातले एकजण रेल्वेत गार्ड आहेत, नुकतीच तिकडं बदली झालीय. गुरुवारी संध्याकाळी सहाला स्टेशनात पुलाजवळच्या बाकावर भेटतील.

मी गेलो. बाकावर गार्ड बसलेलेच होते. जवळ जाऊन हळूच विचारलं, "तुम्हीच का ते दारू सोडलेले?" अक्का, तो माणूस मारायलाच उठला! तो दुसराच गार्ड होता. मी पळायच्या बेतात, तेवढ्यात मागून एकजण हसत आले आणि म्हणाले, "मी तो. बस." त्यांनी उपदेश केला नाही. स्वतः काय काय केलं होतं ते सांगितलं. आपल्या घरातलंच कुणीतरी सांगतंय असं वाटायला लागलं. शेवटी एवढंच विचारलं, "आज झोपेपर्यंत न पिता राहशील? उद्याचं उद्या बघू."

आता आम्ही पाचजण आहोत. एका शाळेची खोली मिळालीय, दर गुरुवारी बसतो. कुणाचं नाव मात्र बाहेर सांगता येणार नाही, तसा नियम आहे.

हेमावतीला हे वाचून दाखव. तिला आणि चिन्नीला परत पाठव अक्का. दाजींना नमस्कार.

तुझा
गुरुसिद्धप्पा

---

बार्शी
२२ जानेवारी १९७८

चि. गुरूस,
अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र हेमाला वाचून दाखवलं. तिनं पदर डोळ्याला लावला. ती भोळी आहे. मी भोळी न्हाई.

दारुड्यानं दारुड्याला काय शिकवायचं रे? आंधळ्यानं आंधळ्याला रस्ता दाखवला तर दोघंबी विहिरीत जाणार की. आणि नाव सांगायचं न्हाई म्हणे! चांगल्या कामाला नाव लपवावं लागत न्हाई. तुझे दाजी अण्णाराव तीस वर्षं अडतीचं दुकान चालवायलेत, पाटीवर नाव एवढं मोठं लिहिलंय.

आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. माझ्या हातचं खाऊन वाढलास. तू खोटं बोलतोस तेव्हा कसं गोड बोलतोस ते मला विचार. तीनदा शपथ घेतलीस. एकदा आईच्या फोटोपुढं, एकदा चिन्नीच्या डोक्यावर हात ठेवून, एकदा गळ्यातलं लिंग हातात घेऊन. तिसरी शपथ अकरा दिवस टिकली. आणि मोहोळचं मी मरेपर्यंत विसरणार न्हाई. लग्नाहून येताना एसटी स्टँडवर तीन वर्षांची पोर बाकावर बसवून 'आलोच' म्हणून गेलास. कंडक्टरनं तिला आपल्या मांडीवर घेऊन बसवली म्हणून सापडली. तू नाल्याकडंला सापडलास.

आता ऐक. सात मार्चला शिवरात्र आहे. मठात ये, स्वामींपुढं चार माणसांत लिंग हातात घेऊन जन्मभराची शपथ घे. मग तिथूनच हेमाला आणि चिन्नीला तुझ्याबरोबर पाठवते. न्हाईतर त्या हितंच राहतील. पोरीला आमी शिकवू, लग्न करून देऊ. माझी जीभ तुझ्यासारखी न्हाई, एकदा बोलले की बोलले.

जेवायला बसव्वाच्या खानावळीतच जात जा, हाटेलात खाऊ नको. तिला मी सांगून ठेवते.

तुझी
अक्का

---

बार्शी
२२ जानेवारी १९७८

चि. रुद्रप्पास,
कमलम्माकाकूचा आशीर्वाद.

या चिठ्ठीबरोबर दुकानाच्या माणसाच्या हाती तुला सोलापूरला एक पुडी पाठवतेय. केम गावाकडचा एक औषधवाला बाजारात बसतो, त्याच्याकडनं घेतली. दारू सोडवायचं औषध आहे. बसव्वाला दे आणि हे वाचून दाखव : रोज गुरूच्या आमटीत चिमूटभर घालायची. त्याला कळू द्यायचं न्हाई. कळलं तर गुण येत न्हाई म्हणतात. न पिणाऱ्याला काही होत न्हाई, औषधवाल्यानं गळ्याशपथ सांगितलंय. पण पोटात दारू असली की भडाभडा ओकारी होते. म्हणजे खरं-खोटं आपोआप बाहेर येईल.

निम्मी पुडी पाठवलीय, निम्मी माझ्याजवळ फडताळात आहे. आणि तो गुरुवारी कुठं जातो ते जरा बघून कळव. कुणाला बोलू नको. हेमालाबी मी बोलले न्हाई.

काकू

---

सोलापूर
१ फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास,
शरणार्थ.

मोहोळबद्दल तू लिहिलंस त्यातलं अक्षरही खोटं नाही. उलट तुला एक माहीत नाही, ते सांगतो. परत येताना चिन्नी मला म्हणाली, "अप्पा, मी रडले नाही, तुम्ही आलोच म्हणाला होता ना." हे मी बैठकीत सांगितलं. शाळेच्या त्या बुटक्या बाकांवर आम्ही बापये गुडघे छातीशी घेऊन बसतो, फळ्यावर पोरांचे पाढे असतात. मी सांगितलं आणि कुणी छी केलं नाही. एकानं नुसता चहाचा पेला माझ्याकडं सरकवला.

शपथ मात्र मी घेणार नाही अक्का. रागावू नको, आधी ऐकून घे. तीन शपथा मोडल्या. प्रत्येक वेळी मोडल्यावर वाटलं, आता देवाचाही झालो नाही, मग पिऊनच मरावं. चौथी मोडली तर मी उठणार नाही. जन्मभराचं ओझं मला उचलत नाही. आजचा दिवस उचलतो. आज प्यालो नाही, झोपेपर्यंत पिणार नाही. उद्या सकाळी उठून पुन्हा हेच म्हणायचं. याच्या पलीकडचं काही मी हेमावतीला देऊ शकत नाही, पण हे खरं देतो.

आता एक वाईट बातमी. परवा सोमवारी मिलच्या साचेखात्यात, मागापाशी उभा होतो आणि एकदम पोटात ढवळून आलं. मागावर, कापडावर, आमच्या मुकादमाच्या, जॉबरच्या अंगावर ओकलो. गेले चार-पाच दिवस जेवलं की मळमळतच होतं. साहेब आले, माझ्या तोंडाचा वास घेतला. वास नव्हता. पण माझं जुनं रेकॉर्ड सगळ्या मिलला पाठ आहे. चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय.

अक्का, मी प्यालो नव्हतो. बाकी कुणी मानो न मानो, तू तरी मान.

गुरू

---

बार्शी
५ फेब्रुवारी १९७८

गुरू,

आशीर्वाद लिहायला हात धजत न्हाई.

तू प्यालास. मला ठाऊक आहे. कसं ठाऊक ते विचारू नको. वास नव्हता म्हणे! लवंग चघळायला कुणी शिकवलं तेवढं सांग.

आणि तुझी बैठकबी कळली. रुद्रप्पानं परवा गुरुवारी डोळ्यानं बघितलं. दार लोटलेलं, आत पाचजण, पुढ्यात पेले, आणि मोठमोठ्यानं हसायलेत. त्यातल्या दोघांना सगळं सोलापूर ओळखतंय, गटारातनं उचलून घरी नेलेलं लोकांनी बघितलंय. शाळेत बसून प्यायला लाज वाटत न्हाई? सरस्वतीची जागा रे ती!

तुझं मागचं पत्र यायच्या आधीच हेमानं ट्रंक भरली होती. चिन्नीला नवीन परकर शिवला, 'अप्पाकडं जायचं' म्हणून पोर घरभर नाचायली. मी ट्रंक उघडली आणि एकेक लुगडं परत खुंटीवर ठेवलं. हेमानं मला विचारलंबी न्हाई. पोर मात्र विचारतेय, तिला काय सांगू? अप्पा 'आलोच' म्हणालाय म्हणून सांगू?

शिवरात्रीचं बोलणं आता संपलं. मठात यायची गरज न्हाई. मला पत्रबी लिहू नको. मी तुला आईवाणी वाढवलं, त्याचे बरे पांग फेडलेस.

कमलम्मा

---

सोलापूर
१० फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास,

लिहू नको म्हणालीस तरी लिहितो, कारण काय झालं ते कुणाला तरी सांगायला पाहिजे.

तुझं पत्र सोमवारी दुपारी आलं. वाचलं. घडी घातली. सदरा चढवला आणि सरळ देशीच्या दुकानाकडं चालू लागलो. डोक्यात एकच : न पिता प्यालेला ठरतो, तर पिऊन ठरू दे. दुकानाची पायरी चढलो. आतला माणूस मला बघून हसला, "या या, लई दिवसांनी!" म्हणाला आणि न विचारता बाटलीकडं वळला. अक्का, त्यानं माझं जेवढं प्रेमानं स्वागत केलं तेवढं गेल्या वर्षात कुणी केलं नाही.

मी पाठ फिरवली. का, ते माहीत नाही. तसाच रेल्वे क्वार्टर्समध्ये गार्डसाहेबांच्या घरी गेलो. ते गाडी घेऊन वाडी जंक्शनला गेलेले. त्यांच्या घरच्या बाईंनी माझ्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही न विचारता पाट मांडला. म्हणाल्या, "बसा. हेही असेच यायचे. ते येईपर्यंत उठायचं नाही." तीन तास बसलो. त्यांनी मला तांदूळ निवडायला दिले. साहेब आले तेव्हा मी निवडलेलेच तांदूळ परत निवडत होतो.

त्या दिवशीही प्यालो नाही. आज चौसष्ट दिवस झाले. तू मान नाहीतर मानू नको. बैठकीत पेले असतात, त्यात चहा असतो. आणि हसतो ते आमच्या जुन्या गाढवपणाला. नाहीतर किती रडायचं?

ट्रंक परत उघडलीस ते वाचून मात्र फार लागलं.

तब्येत अजून धड नाही. मंगळवारी अमावास्या म्हणून बसव्वा खानावळ बंद करून अक्कलकोटला गेली होती, बुधवारीही आली नाही. दोन दिवस गार्डसाहेबांकडं पिठलं-भाकरी खाल्ली. दोन्ही दिवस पोट शांत, झोपही लागली. म्हटलं, बरा झालो. काल बसव्वा आली, तिच्याकडं जेवलो आणि पुन्हा ओकलो. आमच्या बैठकीतले एकजण कंपाउंडर आहेत, ते म्हणतात, खानावळ बदल. पण तू तिथंच जेव म्हणून बजावलं होतंस. तुझं एवढं तरी ऐकावं म्हणून जातो. तिच्या आमटीला तुझ्यासारखीच चव आहे.

गुरू

---

बार्शी
१४ फेब्रुवारी १९७८

चि. गुरू, माझ्या बाळा,

बसव्वाकडं जेवू नको. हे पत्र वाचशील तिथनं पुढं तिची आमटी तोंडाला लावू नको. कारण सांगते, पण पुरतं वाचून मग मला शिव्या दे.

तुझं पत्र काल आलं. अमावास्येचं वाचलं आणि बसव्वाकडं जेवलास तेव्हाच ओकलास हे ध्यानात आलं. रुद्रप्पाला चिठ्ठी लिहून तुझ्या आमटीत मी पुडी घालायला लावली होती. केमकडच्या औषधवाल्याकडनं घेतलेली, दारू सोडवायची. प्यालेल्यालाच ओकारी होते म्हणाला. म्हणून तू ओकलास की मला वाटायचं, सापडला! माझ्याकडं पुरावा होता रे. तू शपथेवर सांगायलास आणि मी इथं बसून मनात म्हणायली, बोल बोल, किती खोटं बोलतोस ते मला ठाऊक आहे.

निम्मी पुडी माझ्याजवळ होती. काल दुपारी हे दुकानात, हेमा चिन्नीला घेऊन नळावर गेलेली. मी वाटीत आमटी घेतली, चिमूटभर पुडी घातली आणि प्याले. म्हटलं, मी काय जन्मात दारूचा वास घेतलेला न्हाई, मला काय होतंय? घटकाभर काही झालं न्हाई. मी मनात खूष! बघ, औषध खरं आहे, गुरूच खोटा. एवढं मनात आलं आणि पोटातनं असा गोळा उठला की न्हाणीपर्यंत जाऊ शकले न्हाई. संध्याकाळपर्यंत ओकत होते. आतडी तोंडात आल्यागत झालं.

हेमानं माझं कपाळ धरलं. डॉक्टर बोलवते म्हणाली. मी तिचा हात धरून सगळं सांगितलं. लग्न होऊन आल्यापासनं माझ्यापुढं तिनं कधी मान वर केली न्हाई. काल केली. म्हणाली, "म्हणजे ते खरं बोलत होते. आणि तुमी ट्रंक उघडलीत." एवढंच. माझं तोंड पुसलं, पाणी दिलं, पण माझ्याकडं बघितलं न्हाई.

गुरू, तुझी नोकरी माझ्यामुळं गेली. तुला दुकानाच्या पायरीवर मी चढवला. तिथं प्याला असतास तर तुला मारलेली मी असते. मी लिहिलं होतं, चांगल्या कामाला लपवावं लागत न्हाई. माझ्या चांगल्या कामाचं काय झालं बघ!

मिलच्या साहेबापुढं येऊन सांगायला मी तयार आहे. तू फक्त एक ओळ लिही, अक्का, तुला माफ केलं. कायमचं केलं असं लिही. तोवर मला अन्न गोड लागणार न्हाई.

तुझी अभागी
अक्का

---

बार्शी
२० फेब्रुवारी १९७८

चि. गुरूस,

सहा दिवस झाले. रोज पोस्टमन दारावरनं पुढं जातोय. रुद्रप्पाला पाठवलं, तर खोलीला कुलूप. बसव्वाची खानावळ बंद. तू कुठं आहेस? रागव, शिव्या घाल, माझं तोंड बघू नको, पण तू प्याला न्हाईस एवढं कुणाकडनं तरी कळव. हेमा दारातनं हलत न्हाई. आमी दोघी एकमेकींशी बोलत न्हाई आणि दोघी रस्त्याकडं बघत बसतो.

मनात कसले कसले विचार येतात. तुझ्यावर माझा विश्वास आहे, हे मी आधी लिहायला पाहिजे होतं.

अक्का

---

सोलापूर
२४ फेब्रुवारी १९७८

ती. अक्कास,
शरणार्थ.

प्यालो नाही. हे आधी हेमावतीला सांग, मग पुढचं वाच.

तुझं चौदा तारखेचं पत्र मी बसव्वाच्या ओट्यावरच वाचलं. तिला ऐकवलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आवो, मला म्हनले शक्तीचं औषद हाय! म्या म्हनलं लेकरू वाळायलंय, मग मी दोन चिमट्या घालत हुते की!" रुद्रप्पानं तिला तुझी चिठ्ठी पुरती वाचून दाखवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ती खानावळ बंद करून, हातात पळी तशीच, मिलच्या फाटकावर जाऊन उभी राहिली आणि साहेबांची गाडी अडवली. "मी घातलं, मी! ह्येला कामाला घ्या न्हायतर मला पोलिसात द्या!" पाळी सुटायची वेळ, हजार माणूस गोळा झालं. चार दिवस ती रोज तिथं गेली. पाचव्या दिवशी चौकशी झाली. मंगळवारपासून मी कामावर आहे.

पण ते दिवस मी खोलीवर राहिलो नाही. राहायची भीती वाटत होती. अक्का, मला तुझा इतका राग आला होता की तुझा गळा धरावासा वाटला. दारूसाठी तहान लागते ना, तशी मला तुझ्यावर ओरडायची तहान लागली होती. गार्डसाहेब म्हणाले, "हा राग घेऊन एकटा झोपू नको." मी त्यांच्याकडं पथारी टाकली. तुला लिहायला बसायचो आणि फाडायचो. अशी चार पत्रं फाडली. त्यातलं एक जरी तुला मिळालं असतं तर आपण बहीण-भाऊ राहिलो नसतो.

काल गुरुवार होता. मी बैठकीत तुझी गोष्ट सांगितली, नाव न घेता. कुणी हसेल असं वाटलं होतं. तो कंपाउंडर रडायला लागला. म्हणाला, माझ्या आईनंही मला असंच काहीबाही चारलं होतं, मी तिच्याशी बोलणं सोडलं, आणि ती गेली.

तू मागितलीस ती ओळ लिहायला घरी आलो. 'कायमचं माफ केलं' असं लिहिलं आणि हात थांबला. ते खरं नव्हतं. जन्मभराच्या गोष्टी माझ्या हातून खोट्या होतात, तुला ठाऊकच आहे. मग जे खरं आहे ते लिहितो. आज सकाळी उठलो तेव्हा तुझ्यावर राग नव्हता. दुपारी जरा आला. आता नाही. आजच्यापुरतं तुला माफ केलं अक्का. झोपेपर्यंत ते टिकेल, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दोन मार्चला गुरुवार आहे. त्या दिवशी घरच्या माणसांनाही येता येतं. हेमावतीला म्हणावं, ट्रंक भरायची की नाही ते तिनं मला बघून ठरवावं, माझ्या शब्दावर जाऊ नये. चिन्नीलाही आण म्हणावं, एसटी स्टँडवर मी गाडीच्या आधी तासभर येऊन बसेन. आणि तूही ये. पाच बाकं आहेत, जागा होईल. तुला काही बोलायची सक्ती नाही. नुसतं नाव सांगायचं.

उद्याच्या रागाचं मला माहीत नाही. उद्या उठलो की पुन्हा बघेन, आणि कार्ड टाकेन.

तुझा
गुरू